आबांचे हिरवे मासे

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा सासरच्या बैठकीत काचेच्या पेटीत पाच मासे होते, आणि ते निळे होते. फिकट निळे, अंगावर गडद उभे पट्टे. पहिल्याच आठवड्यात मी चहा घेऊन बाहेर गेले, तर माझे सासरे शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "हे हिरवे आफ्रिकेचे शेत. मुंबईहून आणले. अख्ख्या जळगावात दुसऱ्या कोणाकडे नाहीत."

'शेत' म्हणजे गावाकडच्या बोलीत 'आहेत'. मी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मान डोलावत होते.

आत येऊन मी सासूबाईंना विचारलं, "अक्का, ते मासे निळे आहेत ना?" त्यांना सगळं घर अक्काच म्हणायचं. अक्कांनी आधी दाराकडे पाहिलं, मग भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "आबा हिरवे म्हणतात ना? मग हिरवे."

मला वाटलं, जुन्या माणसांची रंगांची नावं वेगळी असतील. पण अक्कांनी ज्या तऱ्हेनं दाराकडे पाहिलं, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं.

आबा कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. आबा गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून मूठभर कापूस काढायचे, उजेडाकडे धरायचे आणि प्रत सांगायचे. कापूस पिवळा पडलाय, याला पाणी लागलंय, यात मागचा माल मिसळलाय, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. व्यापारी असो की शेतकरी, त्यांच्या नजरेवर कोणी हरकत घेत नसे. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती तरी बाजारात लोक उठून नमस्कार करायचे.

ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं मन एखाद्यावरून उठलं की ते त्या माणसाशी बोलणं बंद करत आणि त्याच्या हातचं पाणीही घेत नसत. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या वेळी एक चांदीची वाटी हरवली होती. आबांनी त्यांना एकदाच विचारलं. त्या "मला माहीत नाही" म्हणाल्या. त्यानंतर आबांनी त्यांच्या हातचं ताट घेतलं नाही. पुढे थोरल्या दिरांनी चाळीसगावला बदली मागून घेतली आणि ती दोघं निघून गेली. दोन वर्षांनी गव्हाची कोठी साफ करताना वाटी तळाशी सापडली. अक्कांनी ती घासून देवघरात ठेवली. आबांनी पाहिली. एक शब्द बोलले नाहीत. मला हे अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना मला सावध करत होत्या, हे मला कळलं.

तेव्हापासून मी त्या घरात वस्तू उचलताना दोन्ही हातांनी उचलायची.

माशांना हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. पाणी बदलणं, काच पुसणं, दाणे टाकणं, सगळं आबा स्वतः करत. मी धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, तरी त्या पेटीकडे मी आबा दुपारी झोपले की मगच बघायची. दुकानदारानं माशांचं नाव 'केनी' सांगितलं होतं. "केणी म्हणजे आडनाव ना?" असं अक्का विचारायच्या. कोणती केणी, कुठली, कोणालाच माहीत नव्हतं. आमच्यासाठी ते आबांचे हिरवे मासे होते.

दुसऱ्या हिवाळ्यात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण उजवा जास्त पिकला होता. माझी नणंद धुळ्यात राहायची, म्हणून धुळ्यालाच करायचं ठरलं. त्या काळी टाके काढून जाड भिंगाचा चष्मा मिळेपर्यंत महिना-दीड महिना जायचा. तेवढे दिवस आबा नणंदेकडे राहणार होते.

निघायच्या दिवशी त्यांनी मला पेटीसमोर बोलावलं.

"सूनबाई, तू शिकलेली आहेस. चिमूटभर दाणे, सकाळ-संध्याकाळ. लाईट जाऊन हवेचा पंप थांबला तर तांब्यानं पाणी वर-खाली कर. पाच शेत. पाच राहिले पाहिजेत."

मी मान हलवली.

ते गेले आणि आठवड्याभरातच त्यातला सगळ्यात मोठा मासा फिकट पडायला लागला. आधी मला वाटलं, उजेडाचा फरक असेल. मग पट्टे पुसट झाले. मग गळ्याखाली पिवळी झाक आली. मी दिवसातून वीस वेळा जाऊन बघायची. घरात झाडू मारताना, दळण निवडताना, माझं लक्ष पेटीकडे. माझ्या नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "आजारी असेल," आणि घाईघाईनं कामाला निघून गेला. त्यालाही त्या विषयात पडायचं नव्हतं.

अक्का चष्मा लावून काचेला नाक टेकवून बघत बसल्या. "कावीळ झाली याला," त्या म्हणाल्या.

"अक्का, माशांना कावीळ होत नाही."

"मग हे काय?"

तीन आठवड्यांत तो मासा हळदीत बुचकळून काढल्यासारखा पिवळा झाला. शिवाय त्याचा स्वभावच पालटला. बाकीच्या चौघांना तो काठाकाठानं पळवायचा. मी फुटक्या माठाची खापरं धुऊन आत ठेवली, तर बिचारे त्यांच्या आडोशाला जाऊन बसले. एकाची शेपटी फाटली. पाच राहिले पाहिजेत, हे शब्द माझ्या कानात घुमायचे. आणि त्याहून मोठी भीती अशी की, पाच राहिले तरी आबा म्हणतील, माझा मासा कुठे आहे? हा पिवळा कोणी आणून टाकला? मेलेला मासा गुपचूप टाकून देऊन बाजारातून दुसरा आणला, असंच कोणालाही वाटलं असतं. मला स्वतःला सांगता येत नव्हतं की तो कसा बदलला. मग आबांना मी काय सांगणार होते?

टाके काढायच्या वेळी अक्का आणि मी आबांना भेटायला एसटीनं धुळ्याला गेलो. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यानं धूसर दिसणारं. आम्ही आल्याचं कळताच पहिला प्रश्न, "मासे?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "पाचही शेत. बरे शेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण पदराआड त्यांनी माझं मनगट घट्ट आवळून धरलं होतं. चाळीस वर्षं संसार केलेली बाई आपल्याइतकीच घाबरते, हे त्या क्षणी मला कळलं. त्यानं धीर यायच्या ऐवजी मी आणखीच खचले.

दुपारी आईला भेटून येते असं सांगून मी निघाले, पण आधी कॉलेजात गेले. आम्हाला मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या बाई अजून तिथेच होत्या. मी घरून त्या माशाचं चित्र काढून नेलं होतं. जर्नलमध्ये काढायचो तसं, प्रत्येक पर वेगळा दाखवून.

बाईंनी चित्र खिडकीपाशी नेलं.

"नाकपुडी एका बाजूला एकच आहे? नीट पाहिलंस? की दोन?"

"एकच."

"अंगावरची रेघ सलग जाते की मध्येच तुटून खाली पुन्हा सुरू होते?"

"तुटते."

"मग सिक्लिड. आपल्या तळ्यांत तिलापिया आहे ना, तिच्याच कुळातला. पण तिथून पुढे कठीण आहे." त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. "आफ्रिकेतल्या एकेका तळ्यात यांच्या शेकड्यांनी जाती आहेत. पूर्वी त्यातल्या कितीतरी एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या, गाठोडं बांधल्यासारख्या. आता ते गाठोडं सोडून एकेक वेगळी करताहेत. नक्की नाव ठरवायचं तर घशातले दात पाहावे लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मासा मारून, गळा उघडून."

मी चित्र टेबलावरून माझ्याकडे ओढलं. मी सगळं सांगितलं. मासा निळा होता, आता पिवळा आहे, आणि आबा पुढच्या महिन्यात घरी येणार आहेत. बाई उठल्या. कपाटातून एक जाडजूड परदेशी पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मी दाराकडे बघत होते. अक्का तिकडे वाट बघत असतील, नणंद विचारेल, एवढा वेळ कुठे होतीस.

"ये इकडे," बाई म्हणाल्या.

पानावर दोन मासे होते. एक निळा, उभ्या पट्ट्यांचा. दुसरा पिवळाधमक. खाली दोघांना मिळून एकच नाव होतं. पहिला शब्द स्यूडोट्रोफियस, दुसरा मला धड उच्चारताही येईना.

"निळी मादी, पिवळा नर. लहानपणी सगळेच निळे असतात. नर वयात आला की पिवळा होतो. तिथल्या बहुतेक माशांत याच्या उलट असतं, म्हणून लोक फसतात. आधी कोणाला वाटेल, या दोन वेगळ्या जाती आहेत. तुझा मासा आजारी नाही. मोठा झालाय."

मला रडू कोसळलं. बाईंनी पाणी दिलं. निघताना मी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. दुकानाबाहेर येऊन पाहिलं, तर नर आणि मादी दोन्ही सारखेच करडे आले होते. तरी मी तो कागद घडी करून पर्समध्ये जपून ठेवला. घरी येऊन अक्कांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू सांगशील त्यांना? मला नाही सांगता येणार हे."

पुढचे दिवस मी ते बोलणं मनात घोकत काढले. आबा, मासा तोच आहे. आबा, नर पिवळा असतो. आबा, कॉलेजातल्या बाईंनी पुस्तकात दाखवलं. भांडी घासताना ओठ हलायचे.

आबा आले ते संक्रांत उलटल्यावर. डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, त्यामागे उजवा डोळा एवढा मोठा दिसायचा की माझी नजर खाली जायची. पाय धुऊन ते सरळ पेटीसमोर खुर्ची घेऊन बसले. माझा नवरा कामावर होता. अक्का देवघराच्या दारात उभ्या. मी पदर खोचून पुढे झाले आणि घोकलेलं बोलायला लागले.

"आबा, तो मोठा मासा पिवळा झालाय, पण तो तोच..."

त्यांनी हात वर केला.

"पिवळ्याचं मी विचारत नाही. हे निळे कोणाचे?"

मला कळेना.

"हे चार निळे कोणाचे? मना हिरवा मासा कोठे शेत?"

राग आला की आबांच्या तोंडी निव्वळ गावाकडची बोली यायची, 'माझे'चं 'मना' व्हायचं. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का पांढऱ्याफटक पडल्या होत्या. एका माशाचं उत्तर मी तयार करून ठेवलं होतं. इथे पाचही मासे परके ठरले होते.

"आबा, हेच ते मासे आहेत. मी काही..."

"ह्या मना मासा नहीत," ते शांतपणे म्हणाले. उठले आणि आत गेले. त्या संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला. अक्कांनी दुसरा नेऊन ठेवला, तो त्यांनी घेतला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. घरात कोणी कोणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझा नवरा एकदा धीर करून म्हणाला, "आबा, मासे तेच आहेत," तर आबा म्हणाले, "तीस वर्षं मी रंग पाहून पैसे ठरवलेत. मला रंग शिकवतोस?" आणि मग, "सूनबाईच्या वडिलांना बोलावून घे. रविवारी येऊ दे."

माझे वडील, नाना, धुळ्यात एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. ते रविवारी येतील, खाली मान घालून बसतील आणि मला घेऊन जातील, हे चित्र डोळ्यासमोरून हलेना. मी माझी ट्रंक उघडून कपडे नीट लावून ठेवले आणि पुन्हा बंद केली. चाळीसगावच्या जाऊबाईंना मी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, पण त्या आठवड्यात त्या मला रोज आठवत होत्या.

शुक्रवारी सकाळी आबा आंघोळ करून सदरा घालताना अक्कांवर रागावले. "नीळ किती घालायची याला काही सुमार? सदरे पांढरे ठेवायचे की निळे?"

"बरं," अक्का म्हणाल्या.

मी मोरीत होते. हातातला कपडा तसाच राहिला. घरात नीळ नव्हतीच. डबी रिकामी होऊन कितीतरी दिवस झाले होते. आणायची ती आबा यायच्या गडबडीत राहून गेली होती. ते सदरे मी स्वतः नुसत्या साबणात धुतले होते.

मासे निळे. सदरे निळे. आबा धुळ्याहून आल्यापासून सगळंच निळं.

मला समजलं: मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्यातून आबांना निळं हिरवं दिसायचं, आणि पडदा निघाल्यावर आता पांढऱ्यातही निळं दिसत होतं. पण समजल्यावर भीती दुप्पट झाली. कारण आता आबांना जाऊन सांगायचं होतं की माशांच्या बाबतीत तुमची नजर आज चुकत नाही, आधी चुकत होती. इतके दिवस आम्ही सगळे निळ्याला हिरवं म्हणत आलो, ते तुमच्या भीतीनं. शिवाय कामावरच्या शेवटच्या वर्षांत मोतीबिंदू होताच की नाही, कापूस पिवळा दिसला तो कापसामुळे की डोळ्यामुळे, हा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नव्हता. मी अक्कांना मोरीत बोलावलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. त्या ओल्या लादीवर तशाच खाली बसल्या.

"तू नको बोलूस," शेवटी त्या म्हणाल्या. "तू बोललीस तर बाजू मांडतेय वाटेल."

त्या देवघरात गेल्या आणि वातींसाठी ठेवलेल्या कापसाचा पुंजका घेऊन बैठकीत गेल्या. मी भिंतीला पाठ लावून दाराआड उभी राहिले.

"अहो, हा कापूस बघा," अक्का म्हणाल्या. "कोणत्या प्रतीचा?"

दाराच्या फटीतून मला आबा दिसत होते. सवयीनं त्यांनी हात पुढे केला. पुंजका दोन बोटांत फुलवला, खिडकीकडे धरला.

"याला काय लावलंय?"

"काही नाही."

"निळा दिसतोय."

"कापसाला कोण नीळ घालतं?" अक्का म्हणाल्या. "आता चष्मा काढा आणि या जुन्या डोळ्यानं बघा."

मी डोळे मिटून घेतले. आबांना असं 'हे करा' म्हणालेलं मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आता ते उठून निघून जातील असं वाटलं. पण पावलं पेटीच्या दिशेनं गेली. मी वाकून पाहिलं. आबा काचेपाशी वाकले होते. एका हातात चष्मा आणि कापूस, दुसऱ्या तळव्यानं उजवा डोळा झाकलेला. बघितलं. मग चष्मा चढवून डावा झाकला. पुन्हा बघितलं. पुन्हा उलट. कितीदा केलं कोण जाणे. दरवेळी कापूसही डोळ्यांसमोर धरत होते.

"याच्यात हिरवे शेत," ते स्वतःशीच म्हणाले. "याच्यात निळे."

मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"कधीपासून निळे शेत?"

"पहिल्यापासून," अक्का म्हणाल्या.

"आणि तुम्ही बठ्ठे..."

'तुम्ही सगळे' एवढ्यावरच वाक्य तुटलं. खुर्चीत बसले. कापूस मुठीत होता. मला वाटलं होतं ते चिडतील. तसं काही झालं नाही, आणि म्हणून मला जास्तच भीती वाटली. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा दिसत होता. मग ते म्हणाले, "सूनबाईला सांग, चहा टाक म्हणावं."

कप नेताना माझ्या हातून चहा बशीत सांडला. त्यांनी बशीतलाच आधी पिऊन टाकला. मग पिवळ्याचं विचारलं, आणि मी तो झेरॉक्सचा कागद उघडून बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

रविवारी नाना आले. पायातल्या चपला दारात काढताना त्यांचा तोल गेला, इतके ते घाबरलेले होते. आबांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं, पेटी दाखवली आणि म्हणाले, "हे निळे. आफ्रिकेचे. हा पिवळा त्यांचाच नर. तुमच्या लेकीनं शोधून काढलं." बोलावणं कशासाठी होतं, ते नानांना त्या दिवशी कळलं नाही. जेवून, पान खाऊन ते संध्याकाळच्या बसनं परत गेले. मी त्यांना पुढे कधी सांगितलंही नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आबांनी वर्षभरानं करून घेतलं. त्याआधी मात्र ते माशांचं खरं नाव शिकले. रोज सकाळी दाणे टाकताना म्हणायचे, "सुडोट्रोफी, सुडोट्रोफी," आणि पुढचा शब्द मला विचारायचे. मला हाक मारली की अजूनही मी हातातलं काम टाकून धावायची. ते शेवटपर्यंत सुटलं नाही. पण पेटीची काच आता मी पुसायची.

बऱ्याच वर्षांनी, आबा थकून बराच वेळ अंथरुणावरच असायचे तेव्हा, मी धुळ्याला बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "तुझ्या माशाचं पहिलं नाव बदललं बरं का. त्या प्रजातीतून काढून त्याला दुसऱ्या प्रजातीत घातलंय. आणि त्या नव्या नावावरूनही दोन तट पडलेत."

परत येताना एसटीत मी ठरवलं की हे आबांना सांगायचं नाही. एवढ्या कष्टानं पाठ केलेलं नाव त्यांच्यापासून काढून घ्यायची मला हिंमत होत नव्हती. आठ-दहा दिवस गप्प राहिले. मग एका सकाळी त्यांनी "सुडोट्रोफी" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, ते नाव बदललं म्हणे."

त्यांचा हात दाण्यांच्या डबीत थांबला.

"कोणी बदललं?"

"मोठ्या अभ्यासकांनी."

"मासा बघून बदललं की न बघता?"

"बघून. कवटीची हाडं, दात, सगळं मोजून."

ते पेटीकडे वळले. आमचे पहिले पाच मासे केव्हाच गेले होते. आता होते ते त्यांच्या पिल्लांची पिल्लं, तीन निळे आणि एक पिवळा.

"मग ठीक शे," आबा म्हणाले. "नवं काय शे, ते सांग. हळू सांग."